तीन वर्षांच्या मुलाला कोणती अहिल्याबाई सांगायची?

अहिल्याबाई होळकरांची जयंती ३१ मेला, म्हणजे ऐन सुट्टीत येते. इंदूरच्या शाळा तेव्हा बंद असतात. झूलाघरं, म्हणजे पाळणाघरं, मात्र उघडी असतात, कारण आईबापांच्या नोकऱ्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते. त्यामुळे शाळांना टाळता येणारा प्रश्न माझ्यासारख्या झूलाघर चालवणारीला टाळता येत नाही. दीड ते पाच वर्षांच्या मुलांबरोबर हा दिवस साजरा करायचा का, आणि करायचा तर कसा? २०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षं झाली. गावभर फलक लागले होते आणि पालकांच्या ग्रुपवर एकच विचारणा चालू होती, छोट्या मापाची पांढरी साडी भाड्याने कुठे मिळेल?

माझी मावशी आयुष्यभर बालमंदिरात शिकवत होती. शालिनीताई मोघ्यांनी १९४७ मध्ये इंदुरात बाल निकेतन संघ सुरू केला. त्यांचं काम बघत तयार झालेल्या पिढीतली ती. या विषयात तिचं माझं पटत नाही, म्हणूनच मला तिच्याशी बोलायचं होतं.

"साडी नकोच म्हणतेस?" तिने विचारलं.

"नकोच. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, तळहातावर महादेवाची पिंड. तीन वर्षांच्या पोरीला आपण विधवेचा वेश चढवतो आणि फोटो काढतो. तिला उकडत असतं. पिंड हातातून निसटली की चार मोठी माणसं ओरडतात. तिच्या पदरात काय पडलं?"

"गोष्ट पडते की. आडा बाजाराची."

ती गोष्ट इंदूरच्या मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. राजवाड्याजवळ अहिल्याबाईंच्या मुलाच्या, माळेरावाच्या, रथाखाली एक वासरू सापडून मेलं. अहिल्याबाईंनी सुनेला विचारलं, आईच्या देखत तिच्या लेकराला मारणाऱ्याला काय शिक्षा द्यावी? सून म्हणाली, त्यालाही तसंच मारावं. मग अहिल्याबाईंनी मुलाला हातपाय बांधून रस्त्यावर टाकायला लावलं. रथ हाकायला कोणी धजेना, तेव्हा लगाम स्वतः हातात घेतले. आणि तीच गाय, वासराची आई, पुन्हा पुन्हा रथाला आडवी आली. त्यावरून त्या जागेला आडा बाजार म्हणतात. ही दंतकथाच. माळेराव गादीवर बसल्यावर वर्षाच्या आत, १७६७ मध्ये, आजारपणात गेला. पण दंतकथा खोटी ठरली म्हणून सांगायची थांबत नाही.

"मी ही बालमंदिरात सांगितली आहे," मावशी म्हणाली. "मुलं गाईपाशी थांबतात. तिने क्षमा केली, हेच त्यांच्या लक्षात राहतं. लगाम कोणाच्या हातात होते हे मोठ्यांना आठवतं."

"तुझ्याकडे मुलं तीन तास असायची, मावशी. माझ्याकडे सकाळी साडेआठला येतात आणि संध्याकाळी सहाला जातात. आई दारातून वळते तेव्हापासून ते मूल एकाच भरवशावर दिवस काढतं, की आई परत येईल आणि सकाळी होती तशीच येईल. त्याला मी कसं सांगू, एक आई होती आणि तिने मुलाच्या अंगावर रथ घातला?"

"भोपळ्यातल्या म्हातारीला वाघ खायला बसलेला असतो. ती सांगतेस ना?"

"सांगते. वाघ बाहेर असतो. मूल घाबरलं की माझ्या मांडीवर येतं. भीती आईचीच वाटली तर त्याने कोणाच्या मांडीवर जायचं?"

यावर ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटतं, तिला हे पटलं होतं. पण तिची खरी हरकत वेगळीच होती.

"मग तू काय सांगणार? एक दयाळू राणी होती, तिने देवळं बांधली? नवरा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या लढाईत पडले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्या वर्षी मुलगा. १७९१ मध्ये लेक मुक्ताबाई डोळ्यांदेखत सती गेली. इतकं सोसून ती बाई घाट आणि विहिरी बांधत राहिली. दुःख काढून घेतलंस तर चांगुलपणाला वजन काय उरतं? तुझी साखरेची राणी त्या पांढऱ्या साडीइतकीच खोटी."

"काढून घेत नाही. अजून देत नाही, इतकंच. खोटं मात्र एकही वाक्य सांगणार नाही. ती सुखात राहिली असं म्हणणार नाही."

माँटेसोरीबाईंचा आग्रह होता की सहा वर्षांच्या आतल्या मुलाला आधी खरं जग हाताळू द्यावं, कल्पित गोष्टी नंतर. गिजुभाई बधेका त्यांना मानणारे, पण १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं तेव्हा त्यांनी गोष्टीला मानाची जागा दिली. मावशी गिजुभाईंच्या बाजूची. मीही एरवी त्याच बाजूची आहे. माझं भांडण दिनदर्शिकेशी आहे, हे बोलता बोलता मला स्पष्ट होत गेलं, आणि तेही मावशीनेच उकरून काढलं.

"पिथमपूरचं विसरलीस?" ती म्हणाली. "तेव्हा बरी बोललीस मरणाबद्दल."

जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांतून इंदूरजवळच्या पिथमपूरला आणला, जाळण्यासाठी. लोक रस्त्यावर उतरले. माझ्याकडच्या काही मुलांचे वडील पिथमपूरच्या कारखान्यांत जातात. चार वर्षांच्या एकाने जेवताना विचारलं, पप्पा जातात तिथे जहर आणलंय का? मी हो म्हटलं. खूप वर्षांपूर्वी भोपाळला रात्री वाईट वायू सुटला आणि पुष्कळ माणसं मेली. त्या कारखान्यात उरलेलं आता इथे आणलंय. मोठ्यांनाही काळजी वाटते, म्हणून ते जाऊन विचारताहेत. त्याने आणखी एक पोळी मागितली. सगळं ठीक आहे असं मी म्हणू शकले नाही, कारण ते मला माहीत नव्हतं.

"तिथे प्रश्न त्याचा होता," मी मावशीला म्हटलं. "३ डिसेंबरला भोपाळचा स्मरणदिन म्हणून मी सगळ्यांना बसवून हेच सांगितलं असतं, तर ज्यांनी काही विचारलं नव्हतं त्यांच्या अंगावर ते पडलं असतं. दिवस तारखेने येतो. मुलाचा प्रश्न कधीही येतो."

"आणि जे कधीच विचारत नाहीत? एक गप्प मूल असतंच. त्याच्या मनात काय चाललंय ते तुला कळायच्या आत ते शाळेत गेलेलं असतं."

याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. गप्प मुलाजवळ जास्त वेळ बसायचं, एवढंच मी करते.

"३ डिसेंबर अपंग दिनही असतो," मावशी पुढे म्हणाली. "तोही नाही पाळायचा?"

"पाळायचा, पण मी आणि माझ्या दोघी मदतनिसांनी. कानाला मशीन लावणाऱ्या मुलाला पुढे उभं करून बाकीच्यांना जागरूकता शिकवायची नाही. तो त्यांच्याबरोबर रोज वाळूत खेळतो. आपण त्याची दाखवण्याची वस्तू केली, तर उलट ती मुलं त्याच्याकडे वेगळं बघायला शिकतील. त्या दिवशी आम्ही दाराची पायरी बघू, कुबड्या घेऊन येणारं मूल आत येऊ शकेल का ते बघू." मदर्स डेचंही तसंच. आजीकडे वाढणाऱ्या पोराच्या हातात आईसाठीचं कार्ड मी देत नाही.

"म्हणजे दिवस मोठ्यांचे."

"बहुतेक. मुलांना त्यातलं हाताने करण्यासारखं काही असेल, तर ते द्यायचं."

यंदाच्या ३१ मेला साडी नाही, फोटो नाही. दाराशी माठ मांडायचे, मुलांनी लोटीने पाणी आणून ते भरायचे आणि रस्त्याने जाणाऱ्याला प्यायला द्यायचं. त्या दिवसांत इंदुरात पारा चाळिशी ओलांडतो, तहान काय असते ते मुलांना सांगावं लागत नाही. अहिल्याबाईंनी वाटसरूंसाठी विहिरी बांधल्या, हे त्यांचं नाव घेऊन सांगायचं, ही मावशीची अट. ती मी लगेच मान्य केली. दुसरी अट अवघड होती. सुट्टीत धाकट्यांबरोबर सात-आठ वर्षांची भावंडंही झूलाघरात येतात. त्यांना आडा बाजाराची गोष्ट मावशी स्वतः सांगणार.

"दुपारी, छोटी झोपल्यावर," मी म्हटलं.

"आणि झोपेचं सोंग घेऊन ऐकणारी?"

"ती विचारतील."

"मग प्रश्न त्यांच्याकडून आला," मावशी म्हणाली. "आता तरी हरकत नाही म्हणशील ना?"

"म्हणेन. पण कोणी काय ऐकलं ते संध्याकाळी न्यायला येणाऱ्या आईला आपण सांगायचं. रात्री अंथरुणात ते मूल तिलाच विचारणार आहे."