सर्वश्रेष्ठ अकरा

पावसाची झड लागून घराबाहेर पडणे अशक्य झाले म्हणजे क्रिकेटची आवड असलेल्या घरांत एक खेळ हटकून रंगतो. कोणी तरी कागद घेऊन बसतो आणि आजवरच्या सर्व खेळाडूंमधून अकरांची निवड सुरू होते. आजोबा आपल्या वडिलांकडून ऐकलेले विजय मर्चंट ह्यांचे नाव पुढे करतात, मुलगा गावसकरांवाचून बोलू देत नाही, नातवाला तेंडुलकरांपलीकडे जग नाही. हे अकरा गडी कधीही एका मैदानावर उतरावयाचे नसतात. त्यांच्या हारजितीने कोणाचे काडीचेही नुकसान व्हावयाचे नसते. तरीही वाद असा पेटतो की समोरचा चहा निवून जातो. जेथे लाभही नाही आणि हानीही नाही, तेथे माणसे इतक्या हिरिरीने का भांडतात, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडत आला आहे.

आमच्या मते ह्याचे कारण असे की, दिसावयास हा खेळ असला तरी त्यात आपण न्यायासनावर बसलेले असतो. ज्यांतील पुष्कळ आज हयात नाहीत, ज्यांस आपली बाजू मांडता येत नाही, त्यांच्यात थोर कोण आणि उणा कोण हे आपण ठरवीत असतो. निवाडा काल्पनिक असेल. पण तो करताना जे माप आपण हाती धरतो ते काल्पनिक नसते. तेच माप आपण शाळेत, कचेरीत आणि घरातही वापरतो. तेव्हा त्याची परीक्षा करणे अगदीच निरर्थक ठरू नये.

पहिले माप आकड्यांचे. डॉन ब्रॅडमन ह्यांनी ५२ कसोटी सामन्यांत ९९.९४ च्या सरासरीने धावा केल्या. सिडनी बार्न्स ह्यांनी अवघ्या २७ कसोट्यांत १८९ गडी बाद केले. असे आकडे पाहिले म्हणजे वाद करणाराचे तोंड बंद होते. परंतु आकडा हा घडलेल्या गोष्टींचा जमाखर्च आहे. घडू न दिलेल्या गोष्टींची नोंद त्यात नसते. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यास महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन ह्यांचा ४५२ धावांचा तत्कालीन जागतिक विक्रम हाकेच्या अंतरावर होता. इतक्यात प्रतिपक्षाने सामना सोडून दिला आणि घरचा रस्ता धरला. वहीत ४४३ राहिले. निंबाळकरांस उभ्या आयुष्यात एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. आकड्याने येथे खोटे सांगितले नाही. पण सगळेही सांगितले नाही.

दुसरे माप आठवणीचे. २०११ साली, दोन हजाराव्या कसोटी सामन्याच्या निमित्ताने, आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने लोकांची मते घेऊन सर्वकालीन संघ निवडविला. त्यात दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा एकच गडी होता, तो म्हणजे ब्रॅडमन. बार्न्स नव्हते, जॅक हॉब्जही नव्हते; उरलेले दहाही जण १९७१ साली किंवा त्यानंतर कसोटीत उतरलेले होते. मते देणारांनी लबाडी केली असे नव्हे. जे डोळ्यांनी पाहिले त्यावर त्यांनी प्रेम केले, आणि प्रेमालाच न्याय समजले.

ह्या दोन्ही मापांच्या हातून निसटणारा एक माणूस आमच्या मनातून जात नाही. बाळू पालवणकर हे चर्मकार कुटुंबात जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर ते मैदानाची निगा राखीत आणि साहेबांच्या सरावासाठी गोलंदाजी करीत. पुढे ह्याच साहेबांस हरविण्याच्या ईर्षेने पुण्याच्या हिंदू खेळाडूंनी त्यांस आपल्या संघात घेतले. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातून फिरे. पण चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो संघ विलायतेस गेला, त्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांस कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल ह्यांस मिळाले, आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ साली. तेव्हा बाळूंनी पन्नाशी ओलांडली होती. कसोटीच्या वहीत त्यांच्या नावे एक ओळही नाही.

येथे थोडा विवेक केला पाहिजे. बाळूंना कसोटी मिळाली नाही हा काळाचा दोष. कर्णधारपद मिळाले नाही हा माणसांचा दोष. महायुद्धाने मर्चंट ह्यांची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली आणि त्यांच्या वाट्यास जेमतेम दहा कसोट्या आल्या, हे दुर्दैव होय. दुर्दैवाला हळहळ पुरते. अन्यायाला ती पुरत नाही. तेथे कोणी तरी उत्तर द्यावयाचे असते.

ब्रॅडमन ह्यांच्या पसंतीचा म्हणून जो सर्वकालीन संघ त्यांच्या निधनानंतर २००१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, त्यात सलामीस दक्षिण आफ्रिकेचे बॅरी रिचर्ड्स आहेत. ते अवघ्या चार कसोट्या खेळले, त्या सर्व १९७० सालच्या. वर्णभेदामुळे त्यांचा देश पुढे दोन दशकांहून अधिक काळ कसोटीबाहेर राहिला. चार सामन्यांच्या पलीकडले पाहणारी ही नजर पारख्याची खरी, आणि रिचर्ड्स ह्यांच्यासाठी जग हळहळते तेही योग्यच आहे. परंतु त्याच धोरणाखाली राष्ट्रीय संघ गोऱ्यांपुरताच असे. बेसिल डॉलिव्हेरा ह्यांस मायदेश सोडावा लागला, तेव्हा कोठे १९६६ साली इंग्लंडच्या वतीने कसोटी खेळता आली. ज्यांस देश सोडून जाणे जमले नाही, त्यांची नावेही कोणी विचारीत नाही. चार सामने मिळालेल्यासाठी हळहळ आणि एकही न मिळालेल्यांसाठी मौन, असे का व्हावे? कारण चार सामन्यांनी आपण काय गमावले ते दाखविले. शून्याने काहीच दाखविले नाही. अन्याय जितका पुरता, तितका त्याचा पुरावा थोडा.

आमचे एक स्नेही ह्यावर म्हणतात की, जर-तरच्या जोरावर संघ निवडू लागलात तर अंतच नाही, आणि संघातील जागा ही काही भिक्षा नव्हे. हे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. मातीच्या भांड्यातील चहाबद्दल बाळूंच्या खाती एकही जादा बळी मांडावयाचा नाही. तसे करणे हा त्यांचाच अपमान होईल. जुन्या भारतीयांच्या आमच्या संघात ते आहेत ते परक्या हवेत आणि परक्या खेळपट्ट्यांवर त्यांनी केलेल्या गोलंदाजीच्या बळावर. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आणि सरासरी सुमारे १५, हा पुरावा कोणाच्याही दयेची अपेक्षा ठेवीत नाही.

पण ज्यांच्यापाशी असा पुरावाच नाही त्यांचे काय? त्यांस संघात घेता येत नाही, हे कबूल केले पाहिजे. आपल्या हाती एवढेच आहे की ‘सर्वश्रेष्ठ’ हा शब्द सांभाळून वापरावा. परीक्षेत पहिला आलेला आपला मुलगा हुशार असेल. पण तो परीक्षेस बसू शकलेल्यांत पहिला आहे. रोज सकाळी दारात वर्तमानपत्र टाकून जाणारा त्याच्याच वयाचा मुलगा त्या यादीत मागे नाही. तो त्या यादीतच नाही. हा भेद ज्या घरात मुलांस समजला, तेथे गुणांचा आदर कमी होणार नाही. गर्व तेवढा कमी होईल.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कागद निघेल. आम्हीही नावे सुचवू, भांडू आणि चहा निवू देऊ. फक्त ‘सर्वश्रेष्ठ अकरा’ हा मथळा खोडून ‘ज्यांस खेळावयास मिळाले त्यांतील अकरा’ असे लिहावे, एवढा आमचा आग्रह राहील.