हजार अनुभवांचा पुरावा

एक मनुष्य लहान मुलास बुडवून मारण्याच्या हेतूने पाण्यात ढकलतो; दुसरा मुलास वाचवण्यासाठी स्वतःचा प्राण देतो. ह्या दोन्ही कृत्यांचे मूळ एकच आहे असे कोणी सांगितले, तर वाचकहो, आपण काय म्हणाल? व्हिएन्ना शहरात जन्मलेले तत्त्ववेत्ते कार्ल पॉपर ह्यांनी हेच उदाहरण घेऊन मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर ह्यांच्या मताची परीक्षा केली आहे.

ॲडलर हे प्रथम फ्रॉइड ह्यांचे सहकारी. १९११ साली ते वेगळे झाले. बाल्यावस्थेत मनुष्य दुर्बळ असतो, म्हणून त्याच्या ठायी न्यूनतेची भावना उपजते व ती भरून काढण्यासाठी तो जन्मभर धडपडतो, असे ते शिकवीत. आता हे मत त्या दोघांस लावून पाहा. पहिल्यास आपण हीन आहोत असे वाटले, म्हणून आपल्या अंगी धाडस आहे हे त्यास सिद्ध करावयाचे होते. दुसऱ्यासही तसेच वाटले, आणि त्यासही धाडसच सिद्ध करावयाचे होते!

१९१९ साली तरुण पॉपर ॲडलर ह्यांच्या हाताखाली मजुरांच्या मुलांमध्ये काम करीत. एका मुलाची हकिकत त्यांना ह्या मतात बसेनाशी वाटली, म्हणून त्यांनी ती ॲडलर ह्यांना सांगितली. ॲडलर ह्यांनी त्या मुलास पाहिलेही नव्हते, तरी लागलीच न्यूनतेच्या भावनेने उलगडा केला. इतकी खात्री कशावरून, असे विचारता त्यांनी आपल्या हजार अनुभवांचा हवाला दिला. तेव्हा पॉपर म्हणाले की, आता ते एक हजार एक झाले असतील!

ह्याच वर्षीच्या मे महिन्यात खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी आइन्स्टाइन ह्यांच्या मताची परीक्षा झाली. सूर्याजवळून येणारा तारकांचा प्रकाश सांगितल्याप्रमाणे वाकलेला न दिसता, तर ते मत टाकावे लागले असते. पॉपर ह्यांस हा धोका पत्करणेच शास्त्राचे लक्षण वाटले. ॲडलर ह्यांचे म्हणणे निरर्थक आहे असे मात्र ते म्हणत नाहीत. त्यात पुष्कळ महत्त्वाचे असेल, पण ते अद्याप कसोटीस उतरलेले नाही, एवढेच.

आमच्या मते हा दोष विद्वानांच्या ग्रंथांपेक्षा गावच्या ओसरीवर अधिक आढळतो. एखाद्याने दान दिले तर तो मानासाठी देतो. न दिले तर कंजूष. बोलला तर गर्विष्ठ, गप्प राहिला तर आतल्या गाठीचा. निर्दोष ठरण्यास त्या बिचाऱ्याने नेमके काय करावे, हे मात्र कोणी सांगत नाही.