पर्थला संघ देताना

रग्बी लीग हा तेरा-तेरा खेळाडूंचा खेळ १८९५ साली उत्तर इंग्लंडमधील हडर्सफील्ड येथे मूळ रग्बीपासून फुटून निघाला, तो एका रोखठोक प्रश्नावरून: सामन्यासाठी खाडा करणाऱ्या गिरणी व खाण कामगारांची बुडालेली मजुरी क्लबांनी भरून द्यावी की नाही. कामगारवस्तीशी जडलेले हे नाते खेळाचे बळ ठरले, तशीच त्याची मर्यादाही ठरली. १९०८ मध्ये सिडनीत स्पर्धा सुरू झाली तेव्हा क्लब उपनगरांचेच होते आणि पुढची सात दशके ती मुख्यतः त्याच परिसरात राहिली. अशा मुळांच्या स्पर्धेने दूरच्या शहरात संघ उभा करावा काय, हा वाद पुन्हा ऐरणीवर आला, कारण ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल रग्बी लीगने मे २०२५ मध्ये पर्थला संघ देण्याचे जाहीर केले आणि त्याच्या पदार्पणासाठी २०२७ हे वर्ष ठरवले.

मराठी वाचकाला पर्थ ठाऊक आहे ते वाका मैदानावरच्या उसळत्या खेळपट्टीमुळे. हिवाळ्यात मात्र हे शहर ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे असते. इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८ मध्ये 'बरासी रेषा' ही कल्पना मांडली. रग्बीचा मुलूख आणि या फुटबॉलचा मुलूख यांना विभागणारी ही कल्पित सीमारेषा असून पर्थ तिच्या पलीकडे, सिडनीपासून सुमारे ३,३०० किलोमीटरवर आहे. तरीही १९९५ मध्ये वेस्टर्न रेड्स हा संघ तेथे उतरला आणि वाकावर खेळला. पाहुण्या संघांच्या विमानप्रवासाचा व मुक्कामाचा खर्च त्यालाच सोसावा लागे, म्हणजे स्पर्धेत प्रवेश देणाऱ्यांनी अंतराची सारी किंमत नवागताच्याच माथी मारली होती. त्यातच दूरचित्रवाणी हक्कांवरून सुपर लीग या प्रतिस्पर्धी स्पर्धेशी संघर्ष पेटला, १९९७ मध्ये एकाच वेळी दोन स्पर्धा चालल्या आणि तडजोड झाली तेव्हा रेड्सचा बळी गेला. रेड्ससह १९९५ मध्ये स्पर्धेत आलेल्या चार संघांपैकी साउथ क्वीन्सलँड क्रशर्सही बुडाले, ऑकलंडचा संघ टिकला आणि नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजने २०१५ मध्ये अजिंक्यपद मिळवले.

पर्थ नापीक होते म्हणून रेड्स संपले, हा निष्कर्ष मेलबर्नकडे पाहिले की टिकत नाही. तेही फुटबॉलचे माहेरघर, आणि तेथे १९९८ मध्ये आलेल्या स्टॉर्म संघाने दुसऱ्याच वर्षी विजेतेपद पटकावले. वेतनमर्यादा, म्हणजे खेळाडूंच्या मानधनावर स्पर्धेने घातलेली कमाल सीमा, ओलांडल्याबद्दल २०१० मध्ये त्याची २००७ व २००९ ची विजेतेपदे काढून घेण्यात आली, तरीही क्लब उभा राहिला, कारण तोटा सोसणारी बलाढ्य मालक कंपनी २०१३ पर्यंत त्याच्या पाठीशी होती. मुख्य फरक शहराचा नव्हता, पाठीशी राहण्याच्या तयारीचा होता. अर्थात प्रेक्षक जमले म्हणजे खेळ रुजला असे नव्हे. स्टॉर्मचे बहुतेक खेळाडू आजही रेषेपलीकडच्या रग्बीच्या मुलखातून येतात.

विस्तारामागचे अर्थकारण घड्याळात स्पष्ट दिसते: हिवाळ्यात पर्थमध्ये संध्याकाळी सहा वाजता सुरू होणारा सामना सिडनीच्या घराघरात रात्री आठला दिसतो. प्रक्षेपण हक्कांसाठी ही वेळ मोलाची आहे आणि त्यात गैर काही नाही, मात्र संघ केवळ सिडनीच्या पडद्यासाठी खेळू लागला तर पर्थच्या मुलांना त्यात स्वतःचे असे काय सापडणार? त्याचे नावदेखील सिडनीतून आले आहे. नॉर्थ सिडनी बेअर्स हा १९०८ चा संस्थापक क्लब १९२१ व १९२२ मध्ये विजेता होता आणि १९९९ च्या हंगामानंतर सर्वोच्च पातळीवरून बाहेर फेकला गेला. त्याचे अस्वल आता पर्थच्या छातीवर येत आहे. बेअर्सच्या जुन्या चाहत्यांना हा उशिरा मिळालेला न्याय वाटावा हे रास्तच आहे, पण उसन्या आठवणींवर क्लबला पहिली काही वर्षेच काढता येतील.

म्हणून पर्थला संघ द्यावा, आणि तो देताना तेथील शाळा व कनिष्ठ क्लबांवरच्या खर्चाची हमी सामन्यांच्या गर्दीवर अवलंबून ठेवू नये. अशी दीर्घ हमी देता येते: पापुआ न्यू गिनीत, जेथे या खेळाचे वेड आधीच आहे आणि पैशाची तेवढी वानवा आहे, २०२८ पासूनच्या संघाच्या निमित्ताने ऑस्ट्रेलियन सरकारने १० वर्षांसाठी ६० कोटी डॉलर देऊ केले आहेत. पर्थमध्ये आज पहिल्यांदा हा चेंडू हाती घेणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला बेअर्सच्या मुख्य संघापर्यंत पोहोचायलाही साधारण तेवढाच काळ लागेल, आणि तोवर संघ तळाला राहिला तरी लीगने तो गुंडाळू नये, ही अट परवान्यातच असायला हवी.