परभृत

आजचं वाचन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ७.

मित्रांनो, अवधूताच्या २४ गुरूंमध्ये कबुतर आहे, मधमाशी आहे. कावळा नाही. पण काल कुडाळला काकीच्या परड्यात मला तो गुरू भेटला.

फणसावर एक कावळी पिल्लाला भरवत होती. पिल्लाच्या अंगावर पांढुरके ठिपके, म्हणजे कोकिळेची लेक! कोकिळा घरटं बांधतच नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते. ते अंडं कावळ्याच्या अंड्यांआधी फुटतं, त्यामुळे पहिल्या घासाला हेच पिल्लू पुढे. म्हणूनच संस्कृतात कोकिळेला ‘परभृत’ म्हणतात. परक्याने पोसलेला.

मी हसलो. "काकी, कावळो फसलो!"

ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "फसलो कित्याक? पोर जगला मां!"

मी गप्पच झालो. आईबाबा मुंबईला नोकरीला, म्हणून पहिली ते दहावी मला या काकीनेच वाढवलं. सकाळच्या पेजेचा पहिला वाटा माझा, मग तिच्या मुलांचा. आणि मी तीन वर्षांनी तिच्या दारात उभा होतो. तेही माणगावला टेंबे स्वामींच्या जन्मस्थानी जायचं होतं, म्हणून वाटेत.

अवधूताची ही कथा श्रीकृष्ण उद्धवाला सांगतात. कोण हा उद्धव? दशम स्कंधात ज्याला देवाने नंद-यशोदेची विचारपूस करायला गोकुळात धाडलं, तोच. देवकीचा मुलगा यशोदेच्या हातचं खाऊन वाढला, मथुरेला गेला, पण तो घास विसरला नाही. पुढे सूर्यग्रहणाच्या वेळी कुरुक्षेत्रात ती भेटली, तेव्हा कृष्ण-बलरामांना मिठीत शब्द फुटेना.

कावळीला काही ठाऊक नसतं, म्हणून तिचं भरवणं निष्काम म्हणता येत नाही. काकीला सगळं ठाऊक होतं, तरी तिने भरवलं. कोकिळेच्या पिल्लालाही ठाऊक नसतं, म्हणून ते उडून गेलं तर कृतघ्न ठरत नाही.

मला मात्र ठाऊक होतं.

रात्रीची गाडी मी सोडली. हे काकीच्या ओसरीवर बसून लिहितोय.

आजचा संकल्प: जन्म न देता ज्यांनी आपल्याला पोसलं, त्यांना आधी फोन. मग जपमाळ.

श्री गुरुदेव दत्त!