चटईएवढी जागा

गेला महिनाभर आमच्या घरी बांधाबांध चालू आहे. पेठेतल्या वाड्यातले चाळीस वर्षांचे बिऱ्हाड हलवून मुलाने घेतलेल्या सदनिकेत जावयाचे आहे. खरेदीखत सुनेच्या नावाने झाले; स्त्रीच्या नावे घर घेतले की मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, ही 2021 सालापासूनची सोय. कर्ज मुलाचे, वीस वर्षांचे. आणि ‘माझे नवे घर’ म्हणत हिंडतो मी! जिभेला ‘माझे’ म्हणावयास दस्त लागत नाही.

जागा 480 चौरस फूट. सरकारी भाषेत याला चटई क्षेत्र म्हणतात. 2016 च्या रेरा कायद्याने आता हेच क्षेत्र सांगून घर विकावे लागते. शब्द मोठा गोड आहे. मुलाने कागदावर आखणी केली. फ्रीज कोठे, दिवाण कोठे, देव्हारा पूर्वेकडे, माझे पोथ्यांचे कपाट खिडकीखाली. सारे बसले. वहिनींची चटई तेवढी कोणी काढली नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची पत्नी. दादा लवकर गेले. मी पाठशाळेत असताना माझी धोतरे त्यांनी धुतली, पहाटे उठून भाकरी बांधून दिली. आता ऐंशीला टेकल्या आहेत. आखणीचा कागद त्यांनी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाल्या, “भाऊजी, मी पंढरपूरला मठात राहीन म्हणते. चंद्रभागेचे स्नान, पांडुरंगाचे दर्शन, आणखी काय हवे?” सगळे म्हणाले, केवढे वैराग्य! मीही म्हणालो. खरे सांगू? मनातून हायसे वाटले.

त्याच रात्री वास्तुशांतीची यादी करीत बसलो असता वराहमिहिराची बृहत्संहिता आठवली. देवाच्या मूर्तीसाठी जरी झाड तोडावयाचे असले, तरी आदल्या रात्री त्याची पूजा करावी, बली द्यावा आणि तेथे वसणाऱ्या भूतांना विनवावे की, हे स्वीकारा, दुसरीकडे वस्ती करा आणि आम्हांस क्षमा करा. काम देवाचे खरे. पण कोणाचा तरी आसरा जातो आहे ना! न दिसणाऱ्यांची एवढी भीड, आणि जी डोळ्यांसमोर लसूण सोलीत बसली आहे तिला कोणी विचारलेसुद्धा नाही.

कोणी म्हणेल, त्या आपखुशीने निघाल्या. अहो, वैराग्याने निघणे आणि आपली अडचण होऊ नये म्हणून काढता पाय घेणे, दोन्हींची भाषा एकच असते! ओळखावे कसे? मला एकच खूण सापडली. ‘राहा’ म्हणणारे कोणी असताना जो निघतो, त्याचे ते वैराग्य. आम्ही ‘राहा’ म्हटलेच नव्हते.

सकाळी म्हटले, “वहिनी, खिडकीखाली कपाट नको. तेथे तुमचे अंथरूण पडेल.” त्या काही बोलल्या नाहीत. मुलगा म्हणाला, “आणि पोथ्या?” पोथ्यांचे अजून ठरलेले नाही. कपाट पाहावयास शनिवारी गिऱ्हाईक येणार आहे. संध्याकाळी वहिनींनी आपले गाठोडे सोडले आणि मला म्हणाल्या, “तुळशीची कुंडी टेम्पोत शेवटी ठेवा हो, खाली दबते.”