१९१३ च्या अलीकडे आणि पलीकडे

नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. तिथून परतताना एक तारीख मनात राहते: ३ मे १९१३, मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात त्यांचा पहिला चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’. आपण मुलांना यश सांगतो ते असे, एका तारखेपुरते. हीच मुले आयटीआयमधून, इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लागतात. वर्षभरात कामाचा कंटाळा येतो, साहेबाशी पटत नाही, आणि ‘आपली लाइनच चुकली’ असे त्यांना वाटू लागते. त्यांच्यात चिकाटी नाही, असे म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. नोकरी-धंद्याचे आयुष्य आतून कसे असते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते, म्हणून रोजची अडचण त्यांना स्वतःचा पराभव वाटते.

फाळक्यांचे चरित्रच सलग वाचावे. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा माणूस पहिला चित्रपट लोकांपुढे आणतो तेव्हा ४३ वर्षांचा आहे. त्याआधी जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन झाले. गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा मांडला. तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल नेले. मग पुरातत्त्व खात्यात नकाशे काढण्याची सरकारी नोकरी धरली आणि सोडलीही. छापखाना काढला, पण भागीदारांशी बिनसले आणि तोही हातचा गेला. बाहेरून पाहणाऱ्याने या माणसाला धरसोड्या म्हटले असते. पण रेखाटन, कॅमेरा, रसायने, छपाई ही सगळी विद्या त्या वाया गेलेल्या वाटणाऱ्या वर्षांतच हाताला लागली होती.

यावर कोणी म्हणेल की, खडतर वाट आधीच दाखवली तर तरुण धाडसच करणार नाहीत. चित्रपटासाठी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला जाणाऱ्या फाळक्यांनी तरी कुठे हिशेब केला होता? माझ्या मते त्यांनी तो काटेकोरपणे केला होता. परत आल्यावर त्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात टिपली, ती फिल्म दाखवून भांडवल मिळवले आणि मगच मोठा चित्रपट हाती घेतला. त्या हिशेबात त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंचे श्रमही होते. दागिने दिले त्यांनी, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला त्यांनी, अंधारात बसून फिल्मला भोके पाडली तीही त्यांनीच. घरातल्या कोणाच्या तरी कष्टांवर आपले करिअर उभे असते, हे तर आपण मुलांना सांगतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘अपेक्षा वास्तवाला धरून ठेवा’ हे वाक्य मालकाच्या सोयीचे असते; वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या कामगारालाही तेच ऐकवता येते. हा धोका खरा आहे, म्हणून इथे फरक केलाच पाहिजे. हात बसायला वेळ लागणे, माणसांशी जुळवून घेणे, अवजारे बदलली की पुन्हा शिकायला बसणे, हे कामाच्या पोटातच असते. कमी पगार, बुडालेला ओव्हरटाइम, सुरक्षिततेची हेळसांड हे कामाचे स्वरूप नव्हे. ते कोणीतरी लादलेले असते आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पहिल्या गोष्टींची आधीच कल्पना असलेला माणूसच दुसऱ्या गोष्टी नेमक्या ओळखतो, कारण तो सगळ्या त्रासाला एकाच नावाने हाक मारत नाही.

आणि वाट यशानंतरही सपाट होत नाही. १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली, पण भागीदारांशी मतभेद होऊन फाळके काशीला निघून गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि काही वर्षांनी ते त्याच कंपनीत परतले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, पडदा बोलू लागला आणि मूकपटांचे सारे कसब एकाएकी जुने झाले. १९३७ साली, सदुसष्ट वर्षांचे असताना, कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. त्यानंतर त्यांच्या हातून चित्रपट झाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच ते गेले.