सोपा कर आणि न्याय्य कर

कर हा विषय वाङ्मयीन मासिकास शोभत नाही, असे आमच्या काही वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ह्या मासिकाचा वाचक बहुधा सरकारी नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर येऊन राहिलेला, दरमहा पगारातून करकपात सोसणारा आणि पुष्कळदा स्वतःच सरकारी कागद पुढे सरकवणारा असा आहे. जानेवारी उजाडला, की त्याच्या बैठकीत साहित्याची चर्चा मागे पडते आणि वजावटी, भाडेपावत्या व विम्याचे हप्ते ह्यांची सुरू होते. त्या चर्चेत दोन तक्रारी नेहमी एका श्वासात केल्या जातात. एक, कर फार गुंतागुंतीचा आहे. दुसरी, तो अन्याय्य आहे. ह्या दोन तक्रारी वस्तुतः एकच आहेत काय, की एकीचे निवारण करू जाता दुसरी बळावते, ह्या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

कर सोपा केला म्हणजे तो आपोआप न्याय्य होतो, ही समजूत प्रथम बाजूला ठेवली पाहिजे. आपल्या देशाने पाहिलेला सर्वांत सोपा कर म्हणजे मिठावरील कर. त्याला विवरणपत्र नव्हते, वजावट नव्हती, कलम-परंतुकांचे जंजाळ नव्हते. मणामागे ठरलेली रक्कम उगमापाशीच घेतली, की काम संपले. देणाऱ्यास आपण कर देत आहोत हे कळतही नसे. पण मीठ श्रीमंतास जितके लागते तितकेच मजुरासही लागते. किंबहुना उन्हात घाम गाळणाऱ्यास थोडे अधिकच. त्यामुळे ह्या सुबोध कराइतका निष्ठुर कर दुसरा नव्हता. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात नामदार गोखले अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले, तेव्हा त्यांनी नेमक्या ह्या मर्मावर बोट ठेवले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडत असताना मिठाचा कर कमी करा आणि प्राप्तिकर ज्या उत्पन्नापासून सुरू होतो ती मर्यादा वाढवा, अशी त्यांची मागणी होती. पुढल्याच वर्षी, १९०३ साली, मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर गेली. १९३० साली दांडीप्रमाणेच वडाळा आणि शिरोडा येथेही जो सत्याग्रह झाला, त्याचे निमित्त हाच कर होता, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

मग गुंतागुंत येते कोठून? आमच्या मते तिचा उगम बहुधा न्यायबुद्धीतच असतो. दोन माणसांचे उत्पन्न सारखे असले, तरी एकाच्या घरी आजारी आईबाप आहेत, दुसऱ्याच्या नाहीत. एकाचे स्वतःचे घर आहे, दुसरा भाड्याच्या खोलीत राहतो. एकाचे मूल अपंग आहे. ह्या दोघांस एकच मापटे लावणे बरे दिसत नाही, म्हणून कायद्यात एक वजावट येते. तिचा कोणी गैरफायदा घेतो, म्हणून एक परंतुक येते. परंतुकाचा अर्थ काय ह्यावर न्यायालयात वाद होतो, म्हणून त्याखाली एक स्पष्टीकरण जोडले जाते. १९६१ चा प्राप्तिकर कायदा जन्मला तेव्हा त्यात २९८ कलमे होती. साठ वर्षांत मध्ये घातलेली कलमे धरून ती संख्या ८०० च्या वर गेली. ज्यांचा जन्म फायलींतच गेला त्यांस हे नवल वाटणार नाही. प्रत्येक परंतुकामागे कोणाची तरी तक्रार असते आणि पुष्कळदा ती रास्तही असते.

परंतु एकेक तक्रार रास्त असली, तरी त्या सर्वांची बेरीज रास्त होत नाही. वजावट कायद्यात असणे निराळे आणि ती पदरात पडणे निराळे. एखाद्या गावातील वृद्ध विधवेचे उदाहरण घ्या. तिची मिळकत म्हणजे बँकेत ठेवलेल्या रकमेचे व्याज. एकूण उत्पन्न करपात्र नसले, तरी व्याज ठराविक मर्यादेपलीकडे गेले आणि तिने वेळेवर घोषणापत्र भरून दिले नाही, तर बँक करकपात करते. ती रक्कम परत हवी, तर विवरणपत्र भरले पाहिजे. विवरणपत्र भरण्यास संगणक पाहिजे किंवा तो चालवणारा पाहिजे, आणि त्यास शे-पाचशे रुपये दिले पाहिजेत. कायद्याने तिच्यावर कर बसवलेला नाही; तरीही ती तो देते, कारण न देण्याची रीत तिला ठाऊक नाही. उलट ज्याच्यापाशी सनदी लेखापाल आणि वकील आहेत, त्याला प्रत्येक परंतुक एक दार वाटते. गुंतागुंत हा स्वतःच एक कर आहे आणि मिठाच्या कराप्रमाणेच तो दुबळ्यावर जड पडतो.

कागदावर न्याय्य आणि व्यवहारात पोकळ अशा करांची उदाहरणेही आपल्या इतिहासात आहेत. १९५३ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना मृत्युकर आला. मोठी मालमत्ता वारसांच्या हाती जाताना समाजाने तिचा काही वाटा घ्यावा, ह्या तत्त्वात आम्हांस काही गैर दिसत नाही. १९५७ साली अर्थशास्त्रज्ञ कॅल्डॉर ह्यांच्या सूचनेवरून संपत्तीकर आणि खर्चावरील कर आले. १९७३-७४ साली तर अधिभारासह प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ९७.७५ टक्क्यांवर होता. म्हणजे वरच्या पायरीवर शंभर रुपये मिळाले, तर सव्वादोन रुपये हाती उरावयाचे! एवढ्या कडक दरांनी विषमता पुसली गेली काय? पैसा हिशेबाच्या वहीबाहेर गेला, हेच त्या काळाविषयी मुख्यतः सांगितले जाते. खर्चावरील कर १९६६ साली, मृत्युकर १९८५ साली आणि संपत्तीकर २०१५ साली रद्द झाला. मृत्युकराच्या बाबतीत मिळकतीच्या मानाने वसुलीचा खटाटोप भारी, असे कारण देण्यात आले. उद्देश चांगला असला तरी ज्याची अंमलबजावणी होत नाही असा कर शेवटी प्रामाणिक माणसावरच बसतो.

गुंतागुंतीचा आणखी एक परिणाम आहे आणि आमच्या वाचकवर्गाशी त्याचा निकटचा संबंध आहे. तो माणसाच्या सदसद्विवेकावर होतो. पगारदार माणूस आपणांस प्रामाणिक करदाता म्हणवतो आणि व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो. पण त्याचा कर तर पगार हाती येण्यापूर्वीच कापला जातो. जेथे लबाडीस वावच नाही, तेथील प्रामाणिकपणाची कसोटी लागलेली नसते. ती लागते भाडेपावतीपाशी. १९६२ च्या नियमांनी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांसाठी घरभाड्याच्या सवलतीची एक मर्यादा पगाराच्या ५० टक्के आणि इतर ठिकाणांसाठी ४० टक्के ठरवली होती. सवलत रास्त, परमुलखात भाड्याने राहणाऱ्यास तिची गरजही खरी. पण तिचा पुरावा म्हणजे एक पावती. ती कोणाकडूनही लिहून घेता येते. सासऱ्याकडून, मेहुण्याकडून, प्रसंगी स्वतःच्या डाव्या हाताकडूनही. म्हणून एक लाखावरील वार्षिक भाड्यास घरमालकाचा पॅन क्रमांक मागण्यात आला. एरवी दुकानदाराने दोन रुपये जास्त घेतले तर भांडणारे गृहस्थ ह्या पावतीवर निःशंकपणे सही करवून घेतात आणि त्यास खोटेपणा म्हणत नाहीत. 'टॅक्स प्लॅनिंग' म्हणतात. जो कायदा सामान्य माणसास दरसाल एक लहानसे असत्य लिहिण्याचा मोह घालतो, त्याच्याकडे न्यायाच्या दृष्टीने पाहताना हाही खर्च धरला पाहिजे.

अलीकडील सुधारणांचे तोंड सोपेपणाकडे आहे. २०२० साली कमी दरांची आणि बहुतेक वजावटी नसलेली नवी पद्धत पर्याय म्हणून आली. ३१ जुलै २०२४ पर्यंत भरलेल्या ७ कोटी २८ लाख विवरणपत्रांपैकी ५ कोटी २७ लाख ह्या नव्या पद्धतीने भरली गेली होती. २०२५-२६ पासून ह्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर, म्हणजे पगारदारास पावणेतेरा लाखांपर्यंत, कर लागत नाही. २०२५ चा नवा कायदा ५३६ कलमांचा असून तो १ एप्रिल २०२६ पासून अमलात येण्यासाठी केला गेला. आमच्यासारख्या कारकुनास ह्यातून मिळालेला दिलासा मोठा आहे आणि तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु ज्या अधिकाऱ्यास दिल्लीस एक बिऱ्हाड आणि साताऱ्यास आईवडिलांचे दुसरे, अशी दोन चुली पेटवाव्या लागतात, तो आणि वडिलोपार्जित घरात एकट्यासाठी जगणारा, हे दोघे नव्या पद्धतीस सारखेच दिसतात. जुनी पद्धत पुष्कळ बोलायची आणि थोडे ऐकायची; नवी थोडे बोलते, पण ऐकत मुळीच नाही. दर कमी आहे तोवर हे खपते. उद्या दर वाढले, तर हाच सोपेपणा टोचू लागेल.

आणि ज्यांचे उत्पन्न प्राप्तिकराच्या उंबरठ्याशीही येत नाही, त्यांचे काय? ते कर देत नाहीत, असे आपल्या बैठकीत मोठ्या आत्मविश्वासाने म्हटले जाते. हे खरे नाही. १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर साबणाच्या वडीतून तेही देतात. त्या कराचीही गुंतागुंत अशी, की २०२० साली कर्नाटकात मलबारी परोटा चपातीच्या वर्गात बसत नाही, म्हणून त्यावर १८ टक्के कर लागतो असा निर्णय दिला गेला. चपातीवर तेव्हा ५ टक्के होता! २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांचे टप्पे मुख्यतः ५ आणि १८ असे दोनच राहिले, निवडक वस्तूंवर ४० टक्के ठेवला गेला, परोटा व चपाती दोन्ही करमुक्त झाली आणि साबण ५ टक्क्यांवर आला. सुधारणा चांगली आहे. तरीही साबण घेणारी मोलकरीण आपण कर देतो हे जाणत नाही, आणि जो आपण देतो हे जाणत नाही, तो त्याचा हिशेबही मागत नाही. मिठाच्या कराचा हा अंश अद्याप शिल्लक आहे.

ह्यावरून आम्हांस असे वाटते, की कर सोपा की अवघड हा प्रश्न पुरेसा नाही. अवघडपणा कोणाच्या माथी ठेवला आहे, हे विचारले पाहिजे. ज्याचे व्यवहार अनेक कंपन्यांतून आणि अनेक देशांतून फिरतात, त्याच्यासाठी कायदा लांब असला तर बिघडत नाही. त्याच्यापाशी तो वाचणारे आहेत. ज्याची मिळकत एका ओळीत मावते, त्याचा कायदाही एका ओळीत मावला पाहिजे. त्याला मिळावयाची सवलत त्याने न मागता मिळाली पाहिजे; तिचा शोध घेण्याचे काम सरकारचे. आणि कर देणाऱ्यास आपण का देतो, हे सांगता आले पाहिजे. महाराष्ट्रात १९७५ साली व्यवसायकर आला, तो रोजगार हमी योजनेस पैसा मिळावा म्हणून. राज्यघटनेने त्याची कमाल मर्यादा वर्षास २५०० रुपये ठरवली आहे. दिल्लीस हा कर नाही, म्हणून मुंबईहून बदलून आलेल्यास ही कपात थांबल्याचा आनंद होतो. पण मुंबईतील पगारदाराच्या त्या लहानशा कपातीचा दुष्काळी भागातील खडी फोडणाऱ्या मजुराच्या रोजीशी संबंध होता आणि तो कोणासही एका वाक्यात सांगता येत होता. सोपेपणा आणि न्याय एकत्र नांदल्याचे आमच्या आठवणीतील हे एक चांगले उदाहरण होय.

ह्यात आपला, म्हणजे टेबलाच्या आतल्या बाजूस बसणाऱ्यांचा, काही भाग आहेच. कायदा आपण करीत नाही, हे खरे. परंतु खिडकीपाशी आलेल्या माणसास कायदा कसा दिसतो, हे पुष्कळ अंशी आपल्या बोलण्यावर ठरते. 'नियमात बसत नाही' एवढे तीन शब्द फेकणे सोपे असते. का बसत नाही आणि बसावयास काय करावे, हे त्याच्या भाषेत सांगण्यास दहा मिनिटे लागतात. गावाकडील वडिलांस प्राप्तिकर खात्याची सूचना आली, की ते दिल्लीतील किंवा भोपाळमधील मुलास तिचा फोटो पाठवतात आणि मुलगा अर्ध्या तासात तिचा अर्थ सांगतो. ज्यांचा मुलगा सरकारी नोकरीत नाही, त्यांनी तो कोणास विचारावा? त्यांस अर्थ सांगणारा कोणी भेटेपर्यंत, कायद्याने दिलेला न्याय त्यांच्यापर्यंत पोचला असे म्हणता येणार नाही.